ट्रंक रूममधली दुर्गा

मंगळवारी सकाळी निशि-कासाई स्टेशनजवळच्या सायकल पार्किंगमध्ये तुम्ही कोसळलात. रुग्णवाहिका आली तेव्हा सायकल स्टँडमध्ये नीट लावलेली होती, कुलूप घातलेलं होतं आणि किल्ली तुमच्या मुठीत होती. रुग्णालयात नेल्यावर थोड्याच वेळात डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं सांगितलं. कारण, हृदयविकाराचा झटका.

अनिमेषदा, हीच वाक्यं त्या दिवशी मी फोनवर पुन्हा पुन्हा म्हटली. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपाशी जपानीत. बांगलात सांगायचं काम काकोली बौदींकडे होतं. नवरा गेल्याचे दोन फोन त्यांनी स्वतः केले, मग फोन माझ्या हातात दिला. "तू सांग," म्हणाल्या. "तुला सवय आहे." पुण्याच्या वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं डेस्कवर होते. अपघात, आगी, निधनं. सवय आहे, हे खरं. फक्त त्यातल्या कोणाशी मी आदल्या शनिवारी भांडलेले नव्हते.

ते भांडण अर्धवट राहिलं आहे. ते मूर्तीवरून होतं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिल्याशिवाय मला काही सुचत नाही, आणि गेल्या तीन आठवड्यांत तर क्रमच तेवढा हाताशी राहिला आहे.

तुमची मुलगी तिस्ता पहिलीत गेली त्या वर्षी ही दुर्गा कोलकात्याहून जहाजाने तोक्योला आली. बांबू, गवत आणि सुतळीच्या सांगाड्यावर मातीची. एकाच पाटावर देवी, सिंह, महिषासुर आणि चारही मुलं. उंची माझ्या कमरेएवढी. तेव्हा तुमच्या मंडळात मोजकीच बंगाली घरं होती आणि जपानमध्ये कायम राहण्याचा परवाना एकट्या तुमच्याकडे होता. म्हणून मूर्ती ठेवायची खोली तुमच्या नावावर घेतली गेली. इथे अशा भाड्याच्या खोलीला ट्रंक रूम म्हणतात. घरात न मावणारं सामान ठेवायची, खिडकी नसलेली, लोखंडी दाराची जागा. शेजारच्या खोल्यांत लोक बर्फावर घसरायच्या पट्ट्या आणि हिवाळ्याचे टायर ठेवतात. तुम्ही आई ठेवलीत.

दर शरदात वॉर्डचा एक हॉल मिळायचा. तिथी बुधवारी असली तरी पूजा शनिवारी व्हायची, आणि रविवारी संध्याकाळी झाडूपोछा करून हॉल परत द्यावा लागायचा. इथल्या नदीत मूर्ती सोडता येत नाही. म्हणून तुम्ही लोक आरशातलं विसर्जन करता. पितळी परातीत पाणी घ्यायचं, आरसा असा तिरका धरायचा की देवीचे पाय पाण्यात दिसतील. मंत्र झाले, पाणी ढवळलं, की ती गेली. मूर्ती जागच्या जागी राहते. मंगळवारपर्यंत ती खोक्यात आणि खोकं ट्रंक रूममध्ये.

माझ्या पहिल्या पूजेला मी हे पाहिलं. आरसा तुम्ही धरला होता. जरीच्या फ्रॉकमधली छोटी तिस्ता परातीवर वाकली होती.

"दिसले का पाय?" तुम्ही बांगलात विचारलंत.

"मिएनाइ," ती जपानीत म्हणाली. दिसत नाहीत.

तुम्ही आरसा बोटभर वर केलात. "आता?"

"मिएनाइ."

मागे रांग खोळंबली होती. हॉलचा कर्मचारी दारात उभा राहून घड्याळाकडे पाहत होता. तुम्ही धोतर सावरून गुडघ्यांवर बसलात, आरसा पुन्हा हलवलात, आणि ती "मिएता" म्हणेपर्यंत, म्हणजे तिला दिसेपर्यंत, जागचे हलला नाहीत. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलंत. तोवर आपली ओळख म्हणजे खिचडीच्या रांगेतला एक नमस्कार.

"तू मराठी आहे ना? तुमच्याकडे असं नाही."

"नाही. आमच्याकडे मूर्ती खरोखर बुडवतात."

"कुठे? एदोगावा नदीत?"

"बाल्कनीत. टबात."

तुम्ही एवढ्या मोठ्याने हसलात की पुरोहितांचा मंत्र अडखळला. "टबात! अरे बाबा, गणपतीला आंघोळ घालता की निरोप देता?"

डोंबिवलीत काढलेल्या चार वर्षांमुळे तुम्हाला मराठी चांगलं येत होतं. त्यात स्त्रीलिंग नव्हतं, एवढंच. मला तुम्ही शेवटपर्यंत "तू आला, तू गेला"च म्हणालात, आणि मी वर्तमानपत्रातून आले असं कळल्यावर "एडिटर-सान". त्या दिवशी पाटावरच्या कोपऱ्यातला गणपती दाखवून म्हणालात, "बघ, आमच्याकडे हा आईच्या पायाशी, गपचूप. तुमच्याकडे लाडाने डोक्यावर चढवून ठेवलाय."

असं ते सुरू झालं. पुढे दर शनिवारी दुपारी, स्टेशनसमोरच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये, जिथे एकदा पैसे भरले की कॉफी हवी तितक्या वेळा घेता येते. तुम्ही याला अड्डा म्हणायचात. मी आठवड्याची मीटिंग म्हणायचे. फुटबॉल की क्रिकेट. पापलेटाला मासा म्हणावं का. ("काटे नाहीत, तर खाणाऱ्याची परीक्षा कशी घेणार?") मुलांशी बांगला बोलावं की ती ज्या भाषेत उत्तर देतात त्या भाषेत. कुठल्याच प्रश्नाचा निकाल लागला नाही. तशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

माझी आई गेली तेव्हा मला वेळेत निघता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही डब्यात भात आणि डाळ घेऊन शेजारच्या कोतो वॉर्डात माझ्या घरी आलात. आईबद्दल एक शब्द काढला नाहीत. सोफ्यावर बसून, आपल्या लहानपणी कोलकात्यातल्या दोन फुटबॉल क्लबांपैकी कोणता खरा, हे दिवेलागणीपर्यंत एकट्याने सिद्ध करत राहिलात. मी ऐकत होते की नाही, हे पाहिलंही नाहीत. निघताना डबा परत मागितलात, कारण तो बौदींचा होता. त्या दुपारबद्दल मी तुमचे आभार मानलेले नाहीत. तसा प्रसंगच आला नाही. आपण लगेच पुढच्या शनिवारी पापलेटावर आलो.

हॉलमध्ये धूर करायला बंदी होती. पण धुनुचीशिवाय, म्हणजे पेटत्या नारळाच्या शेंड्यांच्या त्या मातीच्या पात्राशिवाय, आरती पूर्ण होते हे तुम्हाला मान्य नव्हतं. एका वर्षी खिडकीपाशी जाऊन "फक्त वासापुरती" एक शेंडी पेटवलीत. अलार्म वाजला. इमारत रिकामी करण्यात आली. वरच्या मजल्यावर पुष्परचनेचा वर्ग चालू होता, त्यातल्या वयस्कर बायकाही कात्र्या हातात घेऊन खाली आल्या. तुम्ही रस्त्यावर, धोतरात, प्रत्येकीसमोर कंबरेत वाकून माफी मागत होतात. पंधराव्या की सोळाव्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?" तुम्ही म्हणालात, "आमची आई माहेरी आली आहे." अलार्म बंद झाल्यावर त्या आत आल्या, मूर्तीसमोर उभ्या राहिल्या आणि वर्गातली शेवंतीची एक फांदी ठेवून गेल्या. पुढे त्या दर वर्षी येत राहिल्या. तुम्ही गेल्याचं त्यांना सांगितलं पाहिजे. त्यांचा नंबर कोणाकडे आहे, हे अजून कळलेलं नाही.

आता मूर्तीकडे येते. गेल्या वर्षी खोकं उघडलं तेव्हा देवीच्या उजव्या खांद्यापासून गळ्यापर्यंत भेग गेली होती आणि सिंहाचा जबडा खाली गवतात पडला होता. इथला पावसाळा दमट, हिवाळा कोरडा. भाजलेली नसलेली माती इतकी वर्षं टिकली, हेच खूप होतं. भेग तुम्ही रंगाने बुजवलीत, जबडा गोंदाने चिकटवलात. पूजा झाली. त्यानंतर मंडळाने नवी मूर्ती मागवायची ठरवली. फायबरची, हलकी, भेगा न पडणारी. ती सप्टेंबरात येणार आहे. खोली एकच. जुनीचं काय करायचं, असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी बघतो."

कोतोतल्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा अर्णब मंडळाचा सचिव आहे. वाढलेला भिलाईत. त्याने पर्याय काढले. मोठ्या आकाराचा कचरा वॉर्डची गाडी ठरलेल्या दिवशी येऊन नेते. कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, एक स्टिकर आणायचा आणि वस्तूवर लावायचा, एवढंच. त्याने हे चांगल्या मनाने सांगितलं होतं. तुम्ही त्याला विचारलंत, "स्टिकर कुठे लावणार? कपाळाला?" तो पुढे महिनाभर तुमच्याशी फक्त ईमेलवर बोलला.

दुसरा पर्याय माझा होता. इथे जुन्या बाहुल्या कोणी टाकत नाही. देवळात नेतात, तिथे मंत्र म्हणून त्यांना निरोप देतात. मी एका देवळाचं पत्रक आणलं, भाषांतर करून तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही ते पूर्ण वाचलंत, घडी घातलीत आणि माझ्या कपाखाली सरकवलंत.

"चांगलं आहे," म्हणालात. "बाहुल्यांसाठी."

महिने गेले. तुम्ही अधूनमधून ट्रंक रूममध्ये जाऊन येत होतात. ओल शोषणारी पाकिटं बदलत होतात. जूनमध्ये मीही एकदा बरोबर आले. तुम्ही खोकं उघडलंत. आत बौदींच्या जुन्या साड्यांमध्ये मूर्ती गुंडाळलेली होती, आणि तुम्ही एकेक घडी सोडून, हात फिरवून, कुठे बुरशी आली नाही ना हे पाहत होतात. पाऊण तास आपण दोघं त्या लोखंडी दाराच्या खोलीत घामाघूम झालो. मी काही बोलले नाही. शनिवारी बोलले.

"मग ठरलं काय?"

"ठरेल."

"सप्टेंबरात नवी येतेय. खोली एकच आहे."

"माहीत आहे रे बाबा. तू अर्णबचा वकील झाला काय?"

"गेल्या वर्षी आरशातलं विसर्जन झालं. पाणी ढवळलं, आई गेली. हे तुम्हीच सांगता, दर वर्षी, माइकवर. मग खोक्यात आहे ते काय?"

"माती."

"आणि?"

"माती, गवत, बांबू, सुतळी."

"मग मातीला साड्या कशाला? पाकिटं कशाला? गेली ना ती?"

तुम्ही कॉफीत साखर घातलीत. साखर बौदींनी बंद केली होती. बराच वेळ चमचा फिरवत राहिलात. मी जिंकत होते, आणि तसं माझ्या चेहऱ्यावर दिसत असावं, कारण तुम्ही चमचा ठेवून म्हणालात, "हसू नको. उत्तर आहे माझ्याकडे. पण ते लांब आहे आणि तुला ट्रेन पकडायचा आहे. पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी तुम्ही शवागारात होतात.

तोक्योत दहनासाठी थांबावं लागतं. आधी नोंद झालेल्यांचे नंबर आधी. तुम्हाला जवळजवळ आठवडा लागला. कोलकात्यात तुमच्याहून मोठ्या, मधल्या भावाला, मेजदांना, हे समजेना. "माणूस गेला आहे आणि तुम्ही तारखेची वाट पाहताय?" ते मला हिंदीत विचारत होते. मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करून तेच सांगायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी दोघांनाही नवीन काही बोलायला उरलं नाही. तेव्हा मी त्यांना सहज विचारलं की दशमीच्या मिरवणुकीत लॉरीवर तुमच्या शेजारी तेही बसायचे का.

कारण ती गोष्ट तुम्ही दर वर्षी सांगायचात. हॉलमध्ये मुलांना गोल बसवून. गल्लीच्या तोंडाशी लॉरी, ढाक, म्हणजे तुमचा ढोल, वाजतोय, तुम्ही आईच्या पायाशी सगळ्यात पुढे, घाटावर छातीभर पाण्यात, मूर्ती सात वेळा फिरवली, सोडली, आणि तिचा चेहरा शेवटी बुडाला. अर्णबने तो घाट पाहिलेला नाही. तरी त्याला तो पाठ आहे. त्याचा मुलगा ती गोष्ट शाळेत जपानीत सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत लॉरीवर तो स्वतः असतो.

मेजदांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "घाटावर? अनिमेष? तो कधी घाटावर आलाच नाही. लॉरी निघाली की गच्चीवर पळायचा. पाण्याच्या टाकीमागे बसायचा. जेवायच्या वेळी आमची आई त्याला शोधून खाली आणायची."

"आणि मोठा झाल्यावर?"

"मोठा झाल्यावर काहीतरी काम निघायचं."

याला दुसरा दुजोरा नाही. मी बौदींना विचारलं. त्या तुमचे शर्ट घडी करत होत्या. म्हणाल्या, "लग्नानंतर पूजेला आम्ही एकदाच कोलकात्यात होतो. दशमीला ह्यांना ताप आला होता." पुढचा शर्ट घेतला. "मोजला नव्हता."

तुमचं लांब उत्तर हेच होतं का, हे मला माहीत नाही. मी ते तुमच्या नावावर घालणार नाही. विचारायचं राहिलं, एवढंच नोंदवते.

तिस्ता क्योतोहून मंगळवारीच आली होती. फोनवर मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हाइ. वाकारिमाशिता." हो, समजलं. ऑफिसात बोलतात तसं. दहा-बारा वर्षांची झाल्यापासून तिने पूजेला येणं सोडलं होतं. शनिवारी शाळेचा क्लब, मग परीक्षा, मग क्योतो. तुम्ही तरी दर वर्षी आरसा धरल्यावर एकदा मागे वळून पाहायचात. मग अर्णबच्या मुलाला बोलवायचात.

स्मशानात आम्ही चौघंच आत गेलो. बौदी, तिस्ता, अर्णब आणि मी. बंगालात बायका जात नाहीत, असं बौदी म्हणाल्या आणि आत शिरल्या. इथे दहनानंतर अस्थी घरच्यांनी उचलायच्या असतात. लांब काठ्यांनी, दोघांनी मिळून एक अस्थी, पायांकडून सुरुवात करून. तिथले कर्मचारी पांढरे हातमोजे घालून प्रत्येक हाडाचं नाव सांगत होते, आणि मी त्याचं भाषांतर करत होते. व्हिडिओ कॉलवर मेजदा होते. त्यांनी नाभीचं विचारलं. तुमच्याकडे नाभी जळत नाही, ती गंगेत सोडतात. मी ते जपानीत विचारलं. कर्मचाऱ्याने वाकून सांगितलं की इथल्या भट्टीत तसं काही उरत नाही. माफ करा, असंही म्हणाला. मग मला ते हिंदीत सांगावं लागलं.

कर्मचाऱ्याने मानेचं एक लहानसं हाड वेगळं काढून तळहातावर धरलं. आमच्याकडे हे सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर ठेवतात, म्हणाला. बसलेल्या बुद्धासारखं दिसतं. बौदींनी ते पाहिलं. "हे गंगेत जाईल," त्या म्हणाल्या. "मेजदांना सांग." मी सांगितलं. ते शरदात जाणार आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

त्यानंतर ट्रंक रूम. करार तुमच्या नावावर होता, म्हणून खोली या महिन्याअखेर रिकामी करून नव्या नावावर घ्यायची, असं कंपनीने कळवलं. अर्णब बौदींकडे आला, सोफ्याच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "बौदी, घाई अजिबात नाही." हे तो तीनदा म्हणाला. बौदी म्हणाल्या, "म्हणजे आहे." मग माझ्याकडे वळल्या.

"तुझ्या त्या टबाचं काय ते सांग."

"कुठला टब?"

"ज्याला हे हसायचे. गणपतीचा."

मी सांगितलं. निळा प्लास्टिकचा टब, मोठा. माती भाजलेली नसेल तर एका रात्रीत सुटते. रंग वर येतो, तो चहाच्या गाळणीने काढायचा. बौदींनी पुढचं काही विचारलं नाही. रविवारी मी टब सायकलच्या मागे दोरीने बांधून कोतोहून तुमच्या घरी आणला. वाटेत पोलिसाने थांबवून दोरी नीट बांधायला लावली. तुम्हाला हे आवडलं असतं.

अर्णबने हातगाडीवरून खोकं आणलं. बैठकीच्या खोलीत निळी ताडपत्री अंथरली. साड्या सोडल्या. दुपारच्या उजेडात ती पहिल्यांदाच घरात उभी राहिली. भेग पुन्हा उघडली होती. तुम्ही भरलेला रंग तिच्या कडेने सुटला होता.

बौदी आतून पितळी परात आणि आरसा घेऊन आल्या.

"विसर्जन गेल्या वर्षी झालंय, बौदी," अर्णब हळूच म्हणाला. "आणि पुरोहित नाहीत."

"मला मंत्र येत नाहीत. मी म्हणणारही नाही." त्यांनी परातीत पाणी ओतलं. "हे असते तर आरसा धरला असता, म्हणून धरते. तिस्ता, ये."

तिस्ता आली. गुडघ्यांवर बसली. परातीवर वाकली.

"दिसले का पाय?"

"मिएनाइ."

बौदींनी आरसा खाली घेतला. तिस्ताने मान हलवली. वर घेतला.

"आता?"

"मिएनाइ."

अर्णबने आरशाची दुसरी कड धरायला हात पुढे केला. बौदींनी मानेनेच नको म्हटलं. आरसा पुन्हा थोडा वळवला. पाणी स्थिर व्हायला वेळ लागला.

"मिएता," तिस्ता म्हणाली. मग बांगलात म्हणाली, "डाव्या पायाचा अंगठा तुटलाय. बाबांनी लावला नाही वाटतं." आणि पाण्यात हात घालून तिने ते ढवळलं.

संध्याकाळपर्यंत काम चाललं. पत्र्याची शस्त्रं न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत गेली. तागाचे केस, सुतळी, बांबूचे तुकडे आणि गवत जळणाऱ्या कचऱ्यात. महिषासुर टबात पहिला गेला. सिंहाचा जबडा आधी सुटला. गणपतीची पाळी आली तेव्हा बौदी बाजूला झाल्या. "हा तुझा," म्हणाल्या. "तू घाल." मी त्याला पाण्यात सोडलं आणि तोंडातून सवयीने "पुढच्या वर्षी लवकर या" निघालं. अर्णबने लगेच त्याचं "आशछे बछर आबार होबे" म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा होणार. कोणी हसलं नाही. देवी शेवटी, तिस्ताने आणि बौदींनी दोन्ही बाजूंनी धरून.

सोमवारी जळणारा कचरा गेला, बुधवारी न जळणारा. साड्या बौदींनी धुऊन वाळत घातल्या आणि कपाटात ठेवल्या. ट्रंक रूम अर्णबच्या नावावर झाली. आत सध्या काही नाही. माती वॉर्ड कचऱ्यात घेत नाही, म्हणून ती कुंड्यांत भरायची ठरली. कुंड्या तिस्ताने क्योतोला परत जाण्याआधी आणून ठेवल्या. मी त्यानंतर दोनदा बौदींकडे जाऊन आले. दोन्ही वेळा कुंड्या एकात एक घातलेल्याच होत्या. माझा टब कधी परत हवा, असं बौदींनी विचारलं. गणपतीपर्यंत लागणार नाही, असं मी सांगितलं.

हे लिहितेय तोवर टब बौदींच्या बाल्कनीतच आहे. पाणी निवळलं आहे, माती तळाशी बसली आहे. ती अजून कोणी काढलेली नाही.